बाबांचे हात आणि ब्रेक क्लीनर

बंदुकीची नळी कितीही पुसा, शेवटची चिंधी थोडी काळी निघतेच. आमच्या महाल भागातल्या दुकानातल्या किश्श्यांचंही तसंच. संपले म्हणावं तर एखादा निघतोच. दुकान माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, परवान्याच्या बंदुका दुरुस्त करायचं. मी एमएस्सी केमिस्ट्री, दहा महिन्यांच्या ओवीची आई, आणि नळी धुवायच्या स्प्रेच्या डब्यांवरची बारीक अक्षरं वाचणारी घरात एकटीच. त्या स्प्रेचा वास अंगावर घेऊन बाबा घरी येतात आणि नातीला उचलतात, ही माझी रोजची काळजी.

*

एका बँकेचे गार्डकाका. मेव्हणा मेकॅनिक, म्हणून त्याच्याच गॅरेजमधला ब्रेक क्लीनर बंदुकीवर मारला. नळी चकाचक झाली, पण फवारा लाकडी दस्त्यावरही उडाला आणि पॉलिश सुटून चिकट झालं.

"लाकडाले घाम फुटला वाटते," काका म्हणाले.

बाबांनी दस्त्यावरून बोट फिरवलं. "घाम नाही गा. कातडी गेली त्याची."

*

उमरेडकडचे एक शेतकरी, रानडुकरांसाठी बंदूक बाळगणारे. त्यांनी कार्ब्युरेटर क्लीनरने नळी धुतली, कोरडी ठणठणीत झाली म्हणून खूश झाले आणि तशीच कपाटात ठेवली. पावसाळ्यात गंज! मी नेमकी जेवणाचा डबा द्यायला गेले होते. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हिच्या पोरीले आधी तेल, मग आंघोळ. बंदुकीले आधी आंघोळ, मग तेल. इतकंच ध्यानात ठेवा, भाऊ."

भाऊंनी ते वहीत लिहून घेतलं. दोन्ही.

*

स्प्रेच्या डब्यावर लिहिलेलं, 'हवेशीर जागी वापरा.' दुकान आठ फूट रुंद, खिडकी नाही. मी इतकी भुणभुण केली की बाबा सगळं सामान घेऊन बाहेर ओट्यावर बसू लागले. दुसऱ्याच दिवशी समोरच्या काकू सासूबाईंना हळूच विचारून गेल्या, भाऊजींचं कोणाशी वाजलं काय, सकाळपासून बंदूक घेऊन दारातच बसून राहिले म्हणून.

*

मग मी नियम केला. ओवीला घ्यायचं तर आधी आंघोळ, कपडे बदलून. डॉक्टरांनी सांगितलंय, असं मी म्हणाले. डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं.

बाबा दुकानातून आले की आधी मोरीत शिरू लागले. सासूबाई एकदा म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशीबी इतके घासून आंघोळले नव्हते वं हे."

महिन्याभरात साबणाने त्यांच्या बोटांना भेगा पडल्या. मला दिसत होत्या. नियम ठेवायची लाज वाटे, आणि मोडायची भीती.

*

गेल्या शनिवारी बाबा दुपारी जेवायला आले. ओवी दारातच रांगत होती. तिला पाहताच त्यांनी दोन्ही हात वर केले, समोरून कोणी बंदूक रोखावी तसे. तिने त्यांचा पायजमा धरला, ओढत ओढत उठली, उभी राहिली.

आणि तिने पायजमा सोडला. आयुष्यात पहिल्यांदा आधाराशिवाय उभी.

तिचे गुडघे लटलट कापत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात पोळीचं पीठ, चार पावलं लांब. बाबा हलले नाहीत. हात अजून वरच. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बेटा," ते अगदी हळू म्हणाले, "धुऊन येऊ काय?"