धुराड्यातली चार पिल्लं

हे मी अजून कुणाकुणाला सांगितलेलं नाही, त्याची यादीच देते. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढे बसून मनातल्या मनातही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात, तर तुमच्यापुढेही मी चांगलीच वागले असते. चांगलं वागणं मला छान जमतं.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही नायमेखन या डच शहरात जुनं घर घेतलं. आमच्या ओळखीतल्या बाकीच्यांनी नवी, कोरी घरं घेतली होती. आमचं घर शंभर वर्षांचं, जिने अरुंद, खिडक्यांतून वारा. पण बैठकीत खरीखुरी फायरप्लेस होती, विटांची, आत माणूस वाकून उभा राहील एवढी. एक मैत्रीण घर बघून म्हणाली होती, हौस म्हणून ठीक आहे गं. ते ‘ठीक आहे’ मला महिनाभर टोचत होतं. मी सगळ्यांना सांगून टाकलं – वास्तुशांत करणार, आणि होम फायरप्लेसमध्येच. असा होम इथे कुणी केलाय का?

सासू-सासरे साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. गुरुजींनी मे महिन्याअखेरचा शनिवार दिला. तीस माणसांना आमंत्रणं गेली. आणि मग धुराडं साफ करायला व्हिम आला.

व्हिम साठीचा, अंगाने काटक, बोलायला सावकाश. गल्लीतली सगळी धुराडी त्याच्याकडेच होती. छपरावर चढला, दोरीला मोबाईल बांधून आत सोडला आणि खाली येऊन त्याने तो आधी माझ्या लेकीला दाखवला. इरा तेव्हा आठ वर्षांची. फोटोत काटक्यांचं घरटं होतं आणि त्यात चार पिल्लं. इथे राखाडी मानेचे छोटे कावळे असतात, त्यांची. अंगावर पीस नाही, नुसत्या चोची.

त्याने मला नीट समजावलं. जूनच्या शेवटापर्यंत आग पेटवायची नाही, मग ऑक्टोबरमध्ये तो येऊन घरटं काढेल. तसा कायदाही आहे म्हणाला. इराला त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. वरचा उजेड झाकला गेला, की पिल्लांना वाटतं आई आली, आणि ती खायला मागायला लागतात. निघताना त्याने तिच्यापुढे काजळीने माखलेला हात धरला. धुराडी साफ करणाऱ्याशी हात मिळवला की नशीब उजळतं, असं इथले जुने लोक मानतात. तिने दोन्ही हातांनी तो धरला आणि संध्याकाळपर्यंत हात धुवू दिले नाहीत.

त्या दिवसापासून इरा शाळेत जाण्याआधी फायरप्लेसमध्ये डोकं घालून बसायची. आमच्याशी डचमध्ये बोलणारी मुलगी त्या पिल्लांशी मात्र मराठीत बोलायची. ‘काऊ, जेवलास का?’ सासूबाईंना कोण कौतुक.

गुरुजींना मी फोन केला होता, हेही सांगायला हवं. ते म्हणाले, काही अडचण नाही, होमकुंड अंगणात मांडू. किती सोपं होतं, नाही? पण अंगणातला होम सगळेच करतात. आणि मी तीस जणांना सांगून बसले होते.

गुरुवारी माझा नवरा सुहास ऑफिसात, इरा शाळेत. सासू-सासऱ्यांना मीच नदीकाठच्या बाकावर बसवून आले, ऊन छान आहे म्हणून. घरी येऊन वर्तमानपत्रं ओली केली, अंगणातला कुजका पाला आणला, फायरप्लेसमध्ये रचला आणि पेटवला.

मला वाटलं होतं की धुराने ती उडून जातील – असं लिहायचा मोह होतोय. खोटं आहे ते. फोटो मी पाहिला होता. पीस नसलेलं पिल्लू उडेल कुठून?

धूर वर गेला तशी ती ओरडायला लागली. आधी मला वाटलं, घाबरली. मग व्हिमचं बोलणं आठवलं. वर अंधार झाला होता. आई आली असं वाटून ती खायला मागत होती.

तेव्हा मी काय केलं? पाणी ओतता आलं असतं. बादली शेजारीच होती, मीच भरून ठेवली होती, सतरंजीवर ठिणगी उडू नये म्हणून. मी स्वयंपाकघरात गेले आणि मिक्सर लावला. शनिवारच्या मसालेभाताला खोबऱ्याचं वाटण करायचं होतं. दोन दिवस आधी वाटण कोण करतं? मी केलं. भांडं भरभरून, थांबून थांबून, तीनदा. शेवटी मिक्सर बंद केला, तेव्हा घर शांत होतं.

दुपारी घरटं घसरून खाली आलं. चारही पिल्लं मी सुपरमार्केटच्या कागदी पिशवीत घातली आणि ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात तळाशी दडपली. फायरप्लेस घासली. सासू-सासऱ्यांना घेऊन आले. संध्याकाळी इराला सांगितलं, उडाली बरं का, आजच. तिने अंगणात उभं राहून आभाळाकडे हात हलवला. मोठे कावळे छपरावर येत-जात होते, चोचीत काहीतरी धरून. बघ, टाटा करायला आलेत, असं मी म्हणाले.

वास्तुशांत झोकात झाली. धूर सरळ वर जात होता. घर बांधताना, राहताना जे किडे, मुंग्या, पाखरं मेली असतील त्यांची क्षमा मागण्यासाठी हा विधी असतो, असं गुरुजींनी मुलांसाठी सोप्या मराठीत सांगितलं. मी हात जोडले. टोचून बोललेली मैत्रीण फायरप्लेससमोर फोटो काढून घेत होती. मला आनंद झाला होता. तोही खरा होता.

सोमवारी इरा ती पिशवी घेऊन स्वयंपाकघरात आली. सफरचंदाचा गाभा टाकायला गेली तेव्हा डबा कलंडला होता, कागद भिजून फाटला होता. ती रडत नव्हती. नुसती विचारत होती, कुणी?

मी एक क्षणही घेतला नाही. ‘व्हिमने,’ मी म्हणाले. ‘तू शाळेत असताना येऊन ब्रश फिरवून गेला. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही.’

ऑक्टोबरमध्ये तो ठरल्याप्रमाणे आला. तासभर धुराड्यात होता. खाली आला तेव्हा त्याच्या हातात अर्धवट जळलेल्या दोन काटक्या होत्या. त्याने त्या जमिनीवर ठेवल्या आणि माझ्याकडे पाहिलं. एवढ्यात इरा शाळेतून आली. त्याने हसून काळा हात पुढे केला. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि डचमध्ये म्हणाली, ‘तू त्यांना मारलंस.’

मी कॉफीचा ट्रे धरून उभी होते. व्हिमने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मला बोलायला तेवढा पुरे होता. मी कपाची बशी सरळ केली.

मग तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, ‘चुकलं माझं, पोरी.’

कॉफी न घेताच गेला. पुढच्या वर्षी मी दुसऱ्या गावचा माणूस बोलावला.

इरा आता एकोणीस वर्षांची आहे, मास्ट्रिख्टला शिकते. माणसांवर पटकन विश्वास ठेवत नाही. का, असं कुणी विचारलं तर ती व्हिमची गोष्ट सांगते. आमच्या टेबलावर पाहुण्यांपुढे मी ती चार-पाचदा ऐकली आहे. मी तेव्हा आमटी वाढत असते.

गेल्या नोव्हेंबरात ती घरी आली होती. शनिवारच्या बाजारात मासळीच्या गाडीपाशी व्हिम दिसला. चाकांचा वॉकर ढकलत होता, खूप थकलाय. त्याने आम्हाला ओळखलं आणि हात वर केला. इराने माझा दंड धरला. एरवी माझ्याशी मराठी न बोलणारी माझी मुलगी, त्याला कळू नये म्हणून, अडखळत मराठीत म्हणाली, ‘आई, नको थांबू. तो वाईट माणूस आहे.’

मी थांबले नाही.