चौकटीकडून पडद्याकडे पाहणारे भास्करराव

भास्करराव पगारे यांची आणि माझी पहिली भेट इंदिरानगरमधल्या रद्दीच्या दुकानात झाली. मी शाळेत चित्रकला शिकवत असे आणि वर्गासाठी जुनी मासिके शोधत होते. कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसून एक गृहस्थ फाटक्या कॉमिकमधल्या चौकटी मोजपट्टीने मोजत होते. मी टक लावून पाहते आहे हे लक्षात येताच त्यांनी विचारले, "या चौकटीत हा गच्चीवर आहे, पुढच्या चौकटीत थेट रस्त्यावर. मधली उडी कोणी मारली?"

"वाचणाऱ्याने," मी म्हटले.

"बरोबर! मग याचा सिनेमा झाला की ती कोणी मारायची?"

मी मासिके बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी बसले. तेव्हापासून मी स्वतःला त्यांची विद्यार्थिनी मानते.

सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करून भास्करराव निवृत्त झाले. पाळी सांभाळूनच त्यांनी कॉमिकवरून निघालेल्या चित्रपटांचा इतिहास वह्यांमध्ये उतरवला. मूकपटांच्या काळात वर्तमानपत्रांतल्या चित्रमालिकांवरून छोटे विनोदी पट निघाले, मग आठवड्याला एक भाग दाखवणारे साहसपट आले आणि पुढे संगणकामुळे माणूस खरोखर उडताना दिसू लागला. कागदावरचे चित्र हलू लागले की काय मिळते आणि काय हरवते, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. उंच, अरुंद चौकटीतला मनोरा दाखवताना दिग्दर्शकाला कॅमेरा खालून वर का न्यावा लागतो, हे मला त्यांच्या मोजमापांमुळे कळले.

माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ते दर सोमवारी पिशवीभर कॉमिक घेऊन येत. आत प्रश्नांच्या चिठ्ठ्या असत. "पाय थांबलाय, डोकं थांबवू नका," असे म्हणून चहा न घेताच निघून जात.

पण त्यांची खरी ओळख मला दिंडोरीत पटली. त्या वह्यांवरून तयार झालेल्या त्यांच्या ग्रंथाची शेवटची मुद्रिते तपासून झाली होती. एक जुना मराठी मारधाडपट एका कॉमिकवरून निघाला, आणि म्हणून तो आपल्याकडचा असा पहिला चित्रपट, हे त्यांचे आवडते प्रतिपादन. वीस वर्षे ते व्याख्यानांतून हेच मांडत आले होते. दिंडोरीतल्या व्याख्यानानंतर हौसाबाई नावाच्या वृद्ध बाईंनी आम्हाला घरी बोलावले. त्यांच्या यजमानांचा गावोगाव फिरणारा तंबू-सिनेमा होता.

त्यांनी लोखंडी पेटी उघडून तेच कॉमिक भास्कररावांच्या हाती दिले. "भाऊ, तुमी लय छान बोलले. पन हे बुक मागून आलं. शिनेमा आधी लागला, लोकाईला आवडला, तवा हे छापलं. आमीच तंबूत वाटलंय."

भास्कररावांच्या प्रतीला शेवटचे पान नव्हते. या प्रतीला होते, आणि चित्रपटाच्या यशामुळे ही चित्रकथा काढली, असे त्यावर स्पष्ट छापले होते.

बाहेर आल्यावर मी हळूच म्हणाले, "छपाई सुरू व्हायची आहे. हे कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना, बाई."

परतताना एसटीत ते खिडकीबाहेरच्या द्राक्षबागांकडे पाहत होते. त्यांचा चेहरा उतरला होता. मग एकदम माझ्याकडे वळले. "म्हणजे आपल्याकडे पडद्यावरून कागदावरही गोष्टी आल्या! अशा किती आल्या असतील हो?" त्यांच्या डोळ्यांत शाळकरी उत्सुकता होती.

त्यांनी छपाई पुढे ढकलली, प्रकरण नव्याने लिहिले आणि आपली चूक हौसाबाईंच्या नावासह पहिल्याच परिच्छेदात नोंदवली. प्रकाशन चार महिने लांबले. समारंभात पहिली प्रत त्यांनी हौसाबाईंना दिली. माईकसमोर त्या म्हणाल्या, "म्या काय केलं? पेटी तेवढी उघडली." सभागृहात सर्वांत जोरात टाळ्या भास्करराव वाजवत होते.

परवा पंचाहत्तरीच्या शुभेच्छा द्यायला गेले, तर ते नव्या वहीत जपानी अक्षरे गिरवत होते. "जपानी कॉमिक उजवीकडून डावीकडे वाचतात. मग त्यांच्या सिनेमात नायक पडद्यावर कोणत्या बाजूने येतो? भाषा आल्याशिवाय नीट कळायचं नाही."

"किती दिवस लागतील?"

"दहा वर्षं तरी धरा," ते सहज म्हणाले.

भास्करराव, ती दहा वर्षे तुम्हाला उत्तम प्रकृतीसह लाभोत, आणि उत्तर मिळाल्यावर पुढच्या प्रश्नासाठी आणखी दहा.