पोट जमिनीला टेकलं पाहिजे

मैदानावर उतरण्याआधी मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. दोन्ही अंगठ्यांनी ट्रॅकपँटचं इलॅस्टिक पुढे ओढायच्या, उरलेल्या बोटांनी पोटाची लोंबती कातडी नीट आत सारायच्या, इलॅस्टिक सोडायच्या आणि वळून म्हणायच्या, "चला, बिऱ्हाड आवरलं."

हे सगळं स्टाफरूममध्ये, आम्हा बायकांच्या देखत, निऱ्या खोचाव्यात इतक्या सहज. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीच संकोचून खिडकीबाहेर बघायला लागले. मी गणित शिकवते. दोन सिझेरियन झालेली बाई आहे. माझ्याही पोटाला तशी घडी आहे, पण ती साडीच्या आत असते आणि तिच्याविषयी मी कधी कुणाशी बोलले नव्हते. साडीचे बायकांवर फार उपकार आहेत. ट्रॅकपँट कुणाचं काही झाकत नाही.

गारखेड्यातल्या आमच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. सगळे त्यांना 'खेळाच्या मॅडम' म्हणायचे, म्हणून मीही इथे तेवढंच म्हणते. माहेर कन्नड तालुक्यातलं, शेतीचं. शाळा-कॉलेजात असताना खो-खो खेळून जिल्हा गाजवलेला. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर, घर बजाजनगरला. तिथून रोज स्कूटीवर यायच्या आणि आल्या की शाळेचा आवाज बदलायचा.

मुलगी झाली तेव्हा त्या तीन-चार महिन्यांत पूर्ववत झाल्या होत्या. मुलगा मात्र बऱ्याच वर्षांनी झाला आणि त्या खेपेला डॉक्टरांनी त्यांना अंथरुणावरून हलूच दिलं नाही. पळणाऱ्या बाईला कॉटवर झोपवून ठेवलं, माहेरहून तुपाचे डबे येत राहिले, वर थायरॉइड. रजा संपवून शाळेत आल्या तेव्हा गेटवरच्या मामांनी त्यांना पालक समजून बाकावर बसायला सांगितलं. हा किस्सा त्या स्वतःच हसत सांगायच्या.

मग त्यांनी वजन उतरवायला घेतलं. पहाटे चालणं, मग पळणं, मैदानावर मुलींबरोबर दोरीवरच्या उड्या. भाकरी अर्धी केली, चहातली साखर गेली. वजन उतरलं. चेहरा पूर्वीसारखा निघाला, दंड, पाय सगळं जागेवर आलं. पोटाची कातडी तेवढी आली नाही. मोठ्या उशीचा अभ्रा छोट्या उशीला घालावा तशी ती पुढे सैल पडून राहिली. पळताना ती वेगळी हलायची. उन्हाळ्यात घडीखाली घामोळं उठायचं, कातडी सोलवटायची. त्या पावडर लावायच्या, सुती कापडाची पट्टी घडीत ठेवायच्या, वरून पोटाचा पट्टा आवळायच्या. आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे. त्या उन्हात पट्टा बांधून मैदानावर उभं राहायचं म्हणजे काय, ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

लोक विचारायचे. पालक विचारायचे, शेजारणी विचारायच्या, भाजीवालीसुद्धा विचारायची, पुन्हा काही आहे का म्हणून. एकदा स्कूटी बंद पडली होती, म्हणून आम्ही दोघी शहर बसनं निघालो होतो. बस भरलेली. एक कॉलेजची मुलगी त्यांच्या पोटाकडे बघून पटकन उठली आणि म्हणाली, "काकू, बसा ना, अशा वेळी उभं राहू नका." माझेच कान गरम झाले. मॅडमनी तिच्याकडे बघितलं, "देव तुझं भलं करो, माय," म्हणाल्या आणि खुशाल बसल्या. उतरल्यावर मी म्हटलं, तुम्ही तिला काही बोलला का नाहीत. तर म्हणाल्या, "पोरगी चांगली व्हती. आणि पाय लई दुखत व्हते."

पण हा सगळा बिनधास्तपणा आतपर्यंत गेलेला होता असं समजू नका. एका शनिवारी त्या मला सोबत म्हणून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. एवढा व्यायाम करूनही पोट आत का जात नाही, हे त्यांना विचारायचं होतं. बाईंनी तपासलं आणि शांतपणे समजावून सांगितलं. पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत, ते व्यायामानं थोडेफार जवळ येतील. कातडी मात्र ताणून ताणून सैल झालेली, ती व्यायामानं आवळत नाही, तेलानं नाही, क्रीमनं नाही. नकोच असेल तर ऑपरेशन. नंतर काही महिने जड उचलायचं नाही, पळायचं नाही.

बाहेर आल्यावर त्या खाली मान घालून चालायला लागल्या. मला वाटलं, खचल्या. रसवंतीच्या बाकावर बसल्यावर त्यांनी रसाचा ग्लास हातात धरला आणि म्हणाल्या, "म्हणजे माझी चूक नाय तर. इतके दिवस मला वाटायचं, मीच कुठंतरी कमी पडतेय."

असा सुटल्यासारखा चेहरा मी क्वचित पाहिलाय. ऑपरेशनचं विचारलं तर म्हणाल्या, लेकरू अजून कडेवरचं आहे, पुढं मुलींचे सामने आहेत, सवड मिळाली की बघू.

त्याच वर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी शाळेत क्रीडादिन झाला. शेवटी शिक्षिका विरुद्ध मुलांच्या आया असा खो-खोचा सामना ठेवला होता. गमतीचाच सामना. मी मधल्या रांगेत पाटीवर बसून खो घेत होते आणि उठायला इतका वेळ लावत होते की लोक हसत होते. आयांमधली एक तरुण बाई मात्र खरी खेळाडू निघाली. कुणाच्या हाताला लागेना. वेळ संपत आली, मॅडमना खो मिळाला. त्या खांबाला वळसा घालून सुटल्या, ती बाई पुढे, आणि हात पुरत नाही असं दिसताच त्यांनी सूर मारला. अंग पूर्ण हवेत, मग मुरमावर, आणि बोटं तिच्या टाचेवर. गडी बाद.

घसरताना टी-शर्ट छातीपर्यंत वर सरकला होता. पट्टा त्या दिवशी बांधलेला नव्हता. सगळं पोट शेकडो लोकांसमोर मुरमावर पसरलं. टाळ्या पडल्या. मॅडम उठल्या, टी-शर्ट खाली ओढला, खरचटलेल्या कोपरावर फुंकर घातली आणि हसल्या.

संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी नेमका तोच फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'मॅडम, आधी स्वतःचा फिटनेस बघा.' त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. थोड्या वेळानं फोटो काढून टाकला, पण तोवर तो जायचा तिथे गेला होता. सकाळपर्यंत आठवीच्या मुलींनीही पाहिलेला होता. त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मॅडमना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हे. काही दिवस तुम्ही नुसत्या सूचना द्या, सैलसा कुडता घाला, पालकांना उगाच विषय नको, असं ते म्हणाले.

मधल्या सुट्टीत मी त्यांना शोधत खेळाच्या खोलीत गेले. त्या चटयांच्या गठ्ठ्यावर बसल्या होत्या. हातात फोन, त्यात तो फोटो.

"ताई, इतकं दिसतं व्हय?" त्यांनी विचारलं. "आरशात मी समोरून बघते. बाजूनं आज पहिल्यांदा बघितलं."

मी त्यांच्या जवळ बसले. त्या रडल्या, आवाज न करता. मग पदर नव्हता म्हणून टी-शर्टच्याच बाहीला डोळे पुसले आणि घरी गेल्या. दोन दिवस आल्या नाहीत.

त्या दोन दिवसांत काय झालं ते त्यांनी मला पुढे सांगितलं. पहिल्या रात्री त्यांनी नवऱ्यापुढे फोन ठेवला, म्हणाल्या, बघा, गावभर झालंय. त्यानं फोटो बोटांनी मोठा केला. "मला वाटलं, पोट मोठं करून बघतोय," मॅडम म्हणाल्या. "जीव नुसता गोळा झाला. तर ह्यो माणूस हात बघत व्हता. म्हणतो, अगं, कुठून कुठं गेलाय हात तुझा."

तिसऱ्या दिवशी त्या आल्या त्या गुंडाळलेला कागद घेऊन. नवऱ्यानंच फोटो स्टुडिओत जाऊन तो फोटो मोठा करून आणला होता, चांगल्या कागदावर, रंगीत. शाळा सुटल्यावर त्यांनी शाळेच्या खो-खो संघाच्या मुलींना खेळाच्या खोलीत बसवलं आणि फोटो भिंतीला चिकटवला. मी दारात उभी होते. मुलींच्या माना खाली. कुणी वर बघेना.

इथे एक सांगायला हवं. त्या वयाच्या मुली सूर कसा मारतात ते तुम्ही पाहिलंय का? एक हात पुढे आणि दुसऱ्या हातानं टी-शर्ट धरलेला, वर जाऊ नये म्हणून. आमच्या संघात एक जराशी जाडसर मुलगी होती, वेगानं सगळ्यांत पुढे, पण ती सूर मारायची वेळ आली की थांबायचीच. मॅडम वर्षभर ओरडत होत्या, दोन्ही हात टाक म्हणून. ती टाकत नव्हती.

"वर बघा," मॅडम म्हणाल्या. "हात कुठं हाय?"

कुणीतरी हळूच म्हणालं, टाचेवर.

"पाय?"

मागे, सरळ.

"आणि पोट?"

माना पुन्हा खाली. मॅडमनी फोटोवर, बरोबर तिथेच, बोट ठेवलं. "जमिनीवर. पोट जमिनीला टेकलं पाहिजे. तुम्ही पोट वाचवता, म्हणून हात कमी पडतो. ज्यांना पोट बघायचं ते बघतील. तुम्ही टाच बघा."

मग त्यांनी मुलींना मैदानावर नेलं आणि अंधार पडेपर्यंत सूर मारायला लावले. मुख्याध्यापक वरच्या मजल्यावरून बघत होते. कुडत्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तालुक्याच्या सामन्यात आमच्या त्या जाडसर मुलीनं दोन्ही हात पुढे टाकून गडी बाद केला. तिचाही टी-शर्ट वर गेला. ती उठली आणि पुढच्या गड्यामागे पळाली. सामना आम्ही हरलो, पण मॅडम परतीच्या वाटेवर त्याच एका सुराबद्दल बोलत राहिल्या.

ह्यानंतर लोकांनी मॅडमना आदर्श करून टाकलं. महिला दिनाला शाळेत पाहुण्या आल्या होत्या. त्यांनी आपल्या शरीरावर प्रेम करा असं छान भाषण केलं आणि उदाहरण म्हणून मॅडमचं नाव घेतलं. मग मॅडमना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उठल्या, माईक जरा लांब धरला आणि म्हणाल्या, "पाहुण्या चांगलं बोलल्या. पण मला खोटं बोलता येत नाय. हे पोट मला आवडत नाय. रोज तकलीफ देतं. पण त्याच्या पायी मी काहीच सोडणार नाय, इतकंच." आणि बसल्या.

पाहुण्या गोंधळल्या. मागे बसलेल्या आम्ही बायका मात्र कितीतरी वेळ टाळ्या वाजवत होतो. घरी जाऊन मी पहिल्यांदा नवऱ्याला सांगितलं की सिझेरियनच्या घडीखाली मला उन्हाळाभर आग होते. इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं, मग डॉक्टरकडे का जात नाहीस. इतकं साधं होतं ते.

पुढे त्यांच्या नवऱ्याला चाकणला नोकरी लागली आणि मे महिन्यात त्यांनी बजाजनगर सोडलं. आता आमच्याकडे खेळाला एक तरुण सर आहेत. चांगले आहेत. पण स्टाफरूममध्ये ते शर्टाची बाहीसुद्धा कुणासमोर दुमडत नाहीत, आणि आम्हीही पुन्हा हळू बोलायला लागलोय.

मागच्या महिन्यात संध्याकाळी मॅडमचा फोन आला. ऑपरेशन करून घेतलं म्हणाल्या. पाठदुखीनं बेजार झाल्या होत्या, मुलगाही आता शाळेत जायला लागला होता, सवड मिळाली. बरं केलंत, मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, जणू आमच्यातलं काहीतरी गेलं. त्यांना ते ऐकू आलं असावं.

"नाराज झालात काय, ताई?"

मी नाही म्हटलं. विचारलं, कसं वाटतंय.

"शुद्धीवर आले तर आधी हात तिथंच गेला. सपाट. मग रडूच आलं, काहून ते कळलं नाय. नावडतं का असंना, लई दिवस संगं राहिलेलं." मग म्हणाल्या, "आता बरं वाटतंय. घामोळं नाय, पट्टा नाय. फक्त डॉक्टरनं पळायचं नाय म्हणून सांगितलंय. म्हणून नुसती बघत उभी राहते."

कुठे, विचारलं. घरासमोर मोकळं मैदान आहे, वस्तीतल्या पोरी तिथे खो-खो खेळतात, त्या म्हणाल्या. आत्ताही तिथेच उभी आहे. नुसती बघायला आलेय, खेळायला नाही, असं नवऱ्याला सांगून आलेय. मग त्या मुलाच्या शाळेचं सांगायला लागल्या आणि मध्येच त्यांचा आवाज फोनपासून लांब गेला.

"ए, खाली बस. अजून खाली. मागं काय बघती, पुढं बघ."

पलीकडून पोरींच्या धावत्या पावलांचा आवाज येत होता. मॅडम कुणाला तरी वळायला सांगत होत्या, कुणाला तरी थांबायला. फोन चालू आहे हे त्या विसरल्या होत्या. मी कानाला लावून बराच वेळ तशीच ऐकत बसले आणि मग मीच हळूच बंद केला.