एकट्याची कबड्डी

बादलनं दारू सोडली ती कबड्डीच्या जोरावर. दिवस मावळताना तलफ आली की तो मैदानात उतरायचा. तांड्यातली पोरं त्याला पार दमवून घरी सोडायची. दमलेला माणूस झोपतो. मी लोहाऱ्याच्या जिनिंगमध्ये जन्मभर कापसाच्या गाठी ढकलल्या, त्यामुळे एवढं मला कळतं. सराव मीच घ्यायचो.

दिवाळी झाली आणि मुकादमाचा ट्रक आला. तांडा ऊसतोडीला निघाला. तिथं एकटा गडी घेत नाहीत. नवराबायकोची जोडी लागते, तिलाच कोयता म्हणतात. बादलची बायको उज्ज्वला उन्हाळ्यातच माहेरी गेली होती. जाताना मला एवढंच म्हणाली होती, "होळीवरी कोरडा राह्यला, तं येईन."

ट्रकमधून पोरं ओरडली, "बादलभाऊ, आता तू सुधरला! प्रॅक्टिस चालू ठेव!"

कबड्डी काय एकट्यानं खेळता येते?

मागं बादल आणि आम्ही म्हातारेच उरलो. बादल मैदानात यायचा, बैठका मारायचा, धावायचा. पुढं पुढं अर्ध्यातच थांबू लागला. एका संध्याकाळी आलाच नाही.

मी सरळ रुपीबाईच्या अंगणात गेलो. ती मोहाची दारू विकते. बादल भिंतीला टेकून बसला होता. पुढ्यात भरलेला ग्लास.

"पेला काय?"

"नाही अजून. तुमी जा, काका. कोणासंग खेळू मी? कुत्र्यासंग?"

मी काठीनं अंगणात रेघ ओढली. "माह्यासंग. ऊठ."

रुपीबाई हसली. "म्हाताऱ्या, तुही हाडं गोळा कराले कोण येईन? सारा तांडा तं तोडीवर गेला."

बादल उठला. कबड्डी कबड्डी पुटपुटत आला, मला नुसता हात लावून वळला. मी त्याचा घोटा धरला.

"अर्धा जोर कायले लावतं? दारू अर्धी पेत होता काय?"

मग त्यानं ओढलं. मी पालथा पडलो. कोपरं सोलली, पण घोटा सोडला नाही. तो मला फरफटत रेघेकडं नेत होता आणि रडत होता. रेघ वीतभर राहिली तेव्हा त्याचा दम तुटला. दोघंही मातीत पडून राहिलो.

रुपीबाईनं ग्लास उचलून कॅनमध्ये परत ओतला. फुकट सांडणारी बाई नाही ती.

"उद्या, काका?" बादलनं विचारलं.

"ये."

माझा उजवा खांदा वर होत नव्हता. होळीला अजून सारा हिवाळा होता.