मापाशिवाय शिवलेलं पोलकं

ज्या नवरदेवाचे कपडे उकंडादादांनी शिवले, त्याला कपड्यांबरोबर एक गोष्टही ऐकावी लागे. कपडे वेळेवर मिळतील याची खात्री नसे, गोष्टीची असे. आमच्या ख्रिस्ती मंडळीतली इतर वडीलधारी माणसं तरुणांना आपण मोहातून कसे तरलो ते सांगतात. दादा आपण कसे घसरलो ते सांगत, तेही काजं करता करता, दोरा दातानं तोडत, जणू शेजाऱ्याच्या बैलाची हकिगत चालली आहे. मी ती दोनदा ऐकली. एकदा माझ्या लग्नाच्या वेळी, एकदा धाकट्या भावाच्या. दुसऱ्या खेपेलाही दादा गोष्टीत पहिल्याइतकेच वाईट होते, म्हणून ती खरी असावी असं मी धरून चालतो.

गोष्ट अठ्ठावन्न सालची, दारव्ह्याची. बाजाराच्या वाटेवर दादांचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत मशीन आणि गिऱ्हाइकांचा बाक, मागच्या खोलीत चूल, बायको तानाबाई आणि तीन लेकरं. मध्ये दार नव्हतं, उरलेल्या कापडांचे तुकडे जोडून केलेला पडदा होता. त्याच्याकडे नीट पाहिलं की गावात त्या वर्षी कोणी काय शिवलं ते कळे.

आधीची दोन भावंडं दगावली म्हणून आईनं ह्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं आणि नाव उकंडा ठेवलं होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी शास्त्रातलं एखादं चांगलंसं नाव सुचवलं, तर हे म्हणाले, "राहू द्या जी. देवानं बी मले तिथूनच उचललं." छप्पन साली सगळी भावकी बुद्धाला शरण गेली. दादा त्याच्या पाच वर्षं आधीच येशूकडे गेलेले. चुलतभाऊ भीमराज जिनिंगमध्ये कामाला होता. पाळी सुटली की तो दादांच्या बाकावर येऊन बसे. दोघांचं धर्मावर रोज भांडण होई आणि चहावर रोज एकमत.

दादांचा धंद्यातला एक नेम होता. बाईच्या अंगाला टेप लावायचा नाही. बायकांनी आपलं जुनं, नीट बसणारं पोलकं घेऊन यायचं, दादा ते फळीवर पसरून मोजणार आणि त्यावरून नवं बेतणार. विसरून आलेल्या बाईला ते परत घरी धाडत, मग ती पाटलाची सून का असेना.

भीमराज म्हणे, "दादा, तुह्याआधी तुह्या टेपानंच बाप्तिस्मा घेतला काय?"

दादांना हे ऐकून राग येत नसे, बरं वाटत असे. रविवारी उपासनेनंतर ते मंडळीतल्या तरुण पोरांचा वर्ग घेत आणि त्यात हमखास सांगत, "हात आवरला का मानूस आवरला." पोरं माना डोलवत. पोरांचे हात तेव्हा खिशात असत.

त्या साली मुलींच्या शाळेत विमलताई नावाच्या नव्या शिक्षिका आल्या. मूळच्या नेरच्या, पंचविशीतल्या. बोलणं मोकळं आणि हसणं त्याहून मोकळं. परकराची शिवण उसवली, पिशवीचा बंद तुटला, असं काहीबाही घेऊन त्या मंगळवारी शाळा सुटल्यावर येत आणि काम होईपर्यंत बाकावर बसून वर्गातल्या गमती सांगत.

"दादा, आज एका मुलीनं काय लिहावं? पृथ्वी गोल आहे, पण दारव्ह्यात नाही."

ह्यात कोणाचा काही दोष नव्हता, आणि दादा गोष्ट सांगताना हे दोनदा बजावत. दोष सुरू झाला तो त्यांच्या डोक्यावर, म्हणजे अक्षरशः. ते मंगळवारी तेल लावू लागले. ज्या माणसानं आयुष्यात कुणाचं काम वेळेवर दिलं नव्हतं, तो विमलताईंचं काम त्याच दिवशी, त्यांच्यासमोर आणि होईल तितकं सावकाश करू लागला. सोमवार उगाच लांबू लागला, आणि बुधवारी मशीन जड चाले, तेल घातलं तरी.

दादांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी प्रार्थना केली, डोळे घट्ट मिटून. "पन तुले सांगतो," ते मला म्हणाले, "डोये मिटले तं दुकान बंद झालं, गिऱ्हाईक आतच राह्यलं." तरी मनाला एक आधार होता. आपण टेप लावलेला नाही. हात स्वच्छ आहे. बाकीचं मनातलं आहे, आणि मनातलं कोण मोजतो?

मग शाळेत तपासणी आली. सोमवारी साहेब येणार, आणि शुक्रवारी विमलताई अबोली रंगाचं कापड घेऊन हजर. मापाला चालेल असं नीट बसणारं एकच पोलकं होतं, ते नेरला पेटीत राहिलेलं.

"आता नेरला कोण जाणार दादा? घ्या ना टेपनंच."

"टेप नोको," दादा म्हणाले. नेमाप्रमाणे पुढचं वाक्य 'मंग घरी जा' हे होतं. पण तोंडातून निघालं, "ठेवून जा ताई. पायतो म्या."

संध्याकाळी दादांनी कापड अंथरलं, खडू हातात घेतला. खडू चालू लागला आणि कुठंही अडला नाही.

सोमवारी विमलताई ते पोलकं घालूनच आल्या. तपासणी छान झाली होती. तानाबाई उंबऱ्याशी बसून तुरीची डाळ पाखडत होत्या, बाकावर भीमराज होता.

"तानाबाई, बघा हो!" विमलताई म्हणाल्या. "ना टेप, ना मापाचं पोलकं. एक टाका उसवायला नको! दादांची नजर म्हणजे खरी नजर."

तानाबाईंनी मान वर करून पाहिलं. "चांगलं बसलं जी," म्हणाल्या, आणि पुन्हा डाळ पाखडू लागल्या. ज्या भीमराजाला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचं असे, त्यानं चपला पायात घातल्या आणि चहा न घेता निघून गेला.

विमलताई गेल्यावर सूप थांबलं.

"माप कधी घेतलं?"

"घेतलंच नाई वो. टेप लावला असन तं हात झडो माहा."

"तेच इचारून राह्यली म्या. टेप लावला नाई, मंग माप आलं कुठून?"

"कारागिराची नजर असते. वीस वर्सं झाले मशीनवर."

"असन," तानाबाई म्हणाल्या. आत गेल्या, पेटीतून भावानं दिलेलं हिरवं कापड काढून आणलं आणि मशीनवर ठेवलं. "माह्यावालं बी शिवा मंग. नजरनंच."

दादांना वाटलं, सुटलो. बारा वर्षं एका छपराखाली राहिलेली बायको, तिचं पोलकं तर झोपेतही बेतता येईल. त्यांनी हिरवं कापड अंथरलं, खडू टेकवला, आणि तो तिथंच थांबला. खांदा किती? दंड किती? पडदा जरा सरकवून पाहावं असं एकदा वाटलं, पण ते परीक्षेत कॉपी केल्यासारखं झालं असतं. शेवटी आठवेल तसं बेतलं आणि शिवलं.

तानाबाई ते घालून पडद्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. पुढची बटणं आणि काजं एकमेकांपासून चार बोटं लांब होती. पदर ओढून घेऊन त्या खाटेवर बसल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दादा सांगत.

"हे माहं नाई जी," त्या म्हणाल्या. "हे त्या पोरीचं हाये, जिले तुम्ही मूर्तिजापुराहून छोट्या रेलगाडीत बसवून आनली. मंग तीन लेकरं झाले. तुम्ही मले पायलंच नाई."

गोष्टीत इथं आलं की दादा सुईत दोरा ओवायला घेत. सुईत आधीचा दोरा असला तरी.

त्या शनिवारी यवतमाळहून पाळकसाहेब आले. दादा त्यांना स्टेशनावरच गाठायला गेले. म्हणाले, माझ्याकडून पोरांचा वर्ग काढून घ्या, आणि उद्या प्रभुभोजनाची भाकर घ्यायला मी उठणार नाही.

साहेब घाबरले. "असं केलंस तरी काय?"

"पोलकं शिवलं जी."

साहेबांनी सामान खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "प्रभूनं म्हटलंय तसा डोळा उपटून टाकायचा विचार नाही ना? काजं कोण करील मग?" दादांना हसू आलं, आणि हसता हसता रडू. साहेब म्हणाले, "क्षमा मागितलीस, ती मिळाली. पण उकंडा, काही मोहांशी वाद घालत बसायचं नसतं. पळायचं असतं. शास्त्रात एक जण धन्याच्या बायकोच्या हातात अंगरखा तिथंच टाकून पळालेला आहे."

"त्याचं बरं होतं जी," दादा म्हणाले. "त्याचं तिथं दुकान नोतं."

दुकान उचलून कुठं नेणार? दादांनी घरी येऊन तोड काढली. बायकांचं गिऱ्हाईक तानाबाईंनी पाहायचं, बोलायचं, माप घ्यायचं. आपण आत बसून नुसतं मशीन चालवू.

"कायले?" तानाबाई म्हणाल्या. "म्या का तुमची चौकीदार हाय? तुमचे डोये तुम्ही राखा. आन त्या पोरीले काही सांगू नोका. तिनं पोलकं मांगलं, दुसरं काही मांगलं नाई."

म्हणजे पळायला जागा नाही आणि पहारेकरीही नाही. दादांनी मग जे जमण्यासारखं होतं ते केलं. मंगळवारचं तेल बंद केलं. बाक उचलून बाहेर रस्त्याकडच्या ओट्यावर नेला, गिऱ्हाईक तिथं बसू लागलं. विमलताईंचं साधंसुधं काम आलं तर 'परवा या' म्हणू लागले, जसं सगळ्यांना म्हणत. भीमराजाला सगळं खरं सांगून टाकलं. तो थट्टा करील अशी भीती होती. पण तो म्हणाला, "आमच्या पंचशिलात बी हे हाये दादा. रोज म्हनतो म्या. रोज म्हना लागते, म्हनूनच रोजचं ठेवलं असन."

पोळा होऊन गेल्यावर विमलताई दोन कापडं घेऊन आल्या. "मागच्यासारखंच हं दादा, मापाशिवाय."

दादा सांगत, खडू खिशात होता आणि तो गरम झाल्यासारखा वाटला. हो म्हणणं फार सोपं होतं, आणि बेतता येणार हे ठाऊक होतं. सगळी अडचण तीच तर होती.

"मापाचं पोलकं आना ताई. त्याबिगर नाई होत."

"पण मागचं तर इतकं छान..."

"ते तसं शिवाले नोतं पाह्यजे म्या. तुमचं काही चुकलं नाई. आना, शिवून देतो."

विमलताई जरा हिरमुसल्या. कापडं घेऊन गेल्या त्या दुसऱ्या शिंप्याकडेच गेल्या. आपण पवित्र झालो असं दादांना त्या दिवशी मुळीच वाटलं नाही. ओटा रिकामा वाटला आणि स्वतःचा रागही आला. पुढचे कितीतरी मंगळवार तसेच गेले. "लोक म्हंते मोह टाकला का हलकं वाट्टे," ते म्हणत. "मले तं भूक लागल्यासारखं वाटलं. पन भूक लागली म्हून शेजाऱ्याच्या घरात शिरते काय कोनी?"

विहिरीवर विमलताईंनी तानाबाईंपाशी सहज तक्रार केली, दादांनी परत पाठवलं म्हणून. तानाबाईंनी घरी येऊन ह्याबद्दल एक शब्द काढला नाही. पाण्याच्या घागरी ठेवल्या, हात पदराला पुसले आणि मशीनसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"घ्या माप."

दादांनी भरदुपारी, लेकरं आजूबाजूला खेळत असताना, आपल्या बायकोचं माप घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. उजव्या दंडावर भाजल्याचा एक लांबट डाग होता.

"हे कधी झालं वो?"

"मधल्याच्या येळेस. भाकर टाकताना."

मधला सात वर्षांचा होता. दादांनी आकडे वहीत लिहून घेतले, आणि सात चारासारखा दिसू लागला म्हणून पुन्हा लिहिले.

पाळकसाहेब दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन देत. दादा तीन महिने नुसते बसून राहिले होते. लोक उठत, पुढं जात, परत येत, आणि हे सतरंजीचे दोरे मोजत. त्या खेपेलाही साहेबांनी भाकर मोडली, मंडळी उठू लागली, दादांनी नजर खाली घातली. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कोणीतरी चालत मध्ये आलं आणि त्यांच्या खांद्याला बोट लावलं.

"उठा जी," तानाबाई म्हणाल्या. "लेकरं पाहून राह्यले."