दादानं शिकवलेला पोकर

पोकर मला ज्यानं शिकवला त्याला मी दादा म्हणायचो. माझ्याच कंपनीत, माझ्याच टीममध्ये, पण जर्मनीत माझ्या दहा वर्षं आधी आलेला. ब्राउनश्वाइगला रविवारी जेवणं उरकली की त्याच्याकडे डाव बसायचा. पैसे नाहीत, राजम्याचे दाणे. सुरुवातीला मी प्रत्येक डाव शेवटपर्यंत खेळायचो. हातात आलेलं टाकायचं कशाला? आमच्या घरी ताटातलंही कोणी टाकत नाही. दादा हसायचा. म्हणायचा, वाईट पत्ते निमूट सोडता आले पाहिजेत. आणि हरलास म्हणून खेळी चुकली असं समजू नकोस; तेव्हा जेवढं दिसत होतं तेवढ्यात बरोबर वागलास का, एवढंच बघ.

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. आमच्याकडे नापास म्हणजे नापास, त्यावर चर्चा नाही. हरूनही माणूस बरोबर असू शकतो, हे मला पहिल्यांदा पत्त्यांनी सांगितलं. वर्षभरात मी बरा खेळू लागलो. मीटिंगमध्ये कोणी टोचून बोललं की उसळायचो, तेही थांबलं.

मग टीमप्रमुखाची जागा निघाली. मला ती हवी होती, फार हवी होती. हे मी फक्त दादाला सांगितलं.

"मला नको रे बाबा ती कटकट," तो म्हणाला. "तू भर अर्ज. पण आधी साहेबांकडून त्स्विशेनत्सॉयग्निस मागून घे."

म्हणजे नोकरी चालू असतानाच मिळणारं प्रशस्तिपत्र. मी दुसऱ्या दिवशी मागितलं. साहेब क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग हो, हो म्हणत त्यांनी टिपून घेतलं.

जागा दादाला मिळाली. त्यानंही अर्ज केला होता हे मला त्याच दिवशी कळलं. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, तू निघालास असं वाटलं मला. असं पत्र इथे बहुतेक दुसरी नोकरी शोधणाराच मागतो; जाणाऱ्याच्या हाती टीम कशी द्यायची? इतकी वर्षं इथे काढलेल्या दादाला हे ठाऊक नसेल, असं मी तीन दिवस मनाला पटवत राहिलो.

रविवारी गेलो. वहिनींनी चहा दिला. पत्ते वाटून झाल्यावर मी विचारलं, "दादा, त्या पत्राचा अर्थ तुला माहीत होता?"

त्यानं आधी आपले पत्ते पाहिले. "अरे, तू सगळं उघडं ठेवून बसलास, त्याला मी काय करू? चिडून खेळू नकोस. चाल तुझी आहे."

साहेबांना सरळ विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण एवढं शिकून एवढंही माहीत नाही, असं दिसायला नको होतं मला. ती खोड माझी. विश्वास ठेवला, ही चूक मात्र मी माझ्या नावावर घेणार नाही. पत्ते पालथे घातले, वहिनींना येतो म्हटलं आणि उठलो.

नोकरी सोडलेली नाही. त्याच्याच हाताखाली काम करतो, चोख करतो. मीटिंगमध्ये तो कधी हळूच मराठीत काही विचारतो. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जर्मनमध्ये उत्तर देतो.