खोबऱ्याची बेटं

नारळी पौर्णिमेला ठाण्याच्या आमच्या कोळीवाड्यात एक पाहुणा आला होता. पुतण्याच्या जहाजावरचा सोबती, कॅरिबियन समुद्रातल्या कुठल्याशा चिमुकल्या बेटावरचा. बेटाचं नाव मी मुद्दाम विचारलं नाही, त्याच्या गोष्टी ऐकून इतका मला हेवा वाटला.

खाडीच्या कठड्यावर बसून तो प्रसादाच्या खोबऱ्याचे तुकडे मांडत होता आणि जहाजावर शिकलेल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होता. "हे आमचं बेट, हे शेजारचं. प्रत्येकाचा झेंडा वेगळा, पंतप्रधान वेगळा. पण आमचा सगळ्यांचा संघ आहे. बाजार एक, पोरांची परीक्षासुद्धा एकच." मग दोन तुकडे एकमेकांना चिकटवून तो हसला. "वादळात आमची घरं उडाली, तेव्हा आमच्या मंत्र्याआधी या शेजाऱ्यांचे वायरमन पोचले."

माझ्या पोटात दुखायला लागलं. आमची खाडी ती केवढीशी! पण जाळ्यांच्या हद्दीवरून पलीकडच्या गावाशी भांडण, म्हणून यंदा नारळही वेगवेगळे सोडले. परवा आमची होडी मध्येच बंद पडली, तर त्यांनी बघून तोंड फिरवलं.

इतक्यात पलीकडून त्यांचा बेंजो ऐकू आला. पाहुण्याने नवा तुकडा उचलून उत्साहाने विचारलं, "आणि तो कुठला देश?"

"तिकडे माझी सख्खी बहीण दिलीय," मी म्हणालो.